फूल संस्थेचा सर्व्हर आणि सासूबाईंचा पेनड्राइव्ह

मखमलाबाद रस्त्यावरच्या फूल उत्पादक संस्थेचा सर्व्हर दसऱ्यानंतर कुरकुरायला लागला आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं अंथरूणच धरलं. ही बातमी हर्षालीला तिच्या सासऱ्यांनी दिली ती अशी : "मी सगळ्यांना सांगून आलोय. म्हटलं, आमची सून करती."

सावळीरामदादांना सर्व्हर म्हणजे काय हे नेमकं ठाऊक नव्हतं. संस्थेच्या ऑफिसातल्या केबिनमध्ये एक काळं धूड आहे, ते दिवसरात्र घुमतं, आणि ते घुमत असलं की कुणाचे क्रेट दादरच्या ट्रकला आणि कुणाचे सुरतेच्या, हे भांडणाशिवाय ठरतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. आता धूड गप्प होतं आणि भांडणं घुमत होती. शिवाय सून लग्नाआधी अंबडच्या एका कंपनीत असलीच धुडं सांभाळायची, हे दादांनी नांगरटीपासून तेराव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगी, भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं.

"दादा, निदान मला विचारायचं तरी!"

"त्यात इचारायचं काय? पोरीचा ताप बघती ना तू? तसाच त्याचा बघायचा."

हे मात्र खरं होतं. आरोही झाल्यापासून हर्षालीनं तापाखेरीज फारसं काही बघितलंच नव्हतं. आरोही शिंकली की हर्षालीच्या हातातला चमचा हवेतच थांबे. आरोही शिंकली नाही की ती का शिंकली नाही, म्हणून थांबे. अशा बाईनं एकदम सर्व्हरकडे वळायचं म्हणजे काय, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. पडला तो फक्त तिला.

कारण संस्थेत एक गोष्ट अर्धवट ठरून बसली होती. पुण्याच्या एजन्सीनं फोनवरूनच निदान केलं होतं : मशीन संपलं, नवीन घ्या, आणि वर्षभराची देखभालही आमच्याकडेच द्या. त्याच दुपारी चार वाजता मीटिंग होती. तोवर जुना सर्व्हर उठला, तर देखभालीचं काम हर्षालीला द्यायला हरकत नाही, असं चेअरमन भिमाजीअण्णा चहाच्या भरात बोलून गेले होते. संस्था इतकी जवळ, की स्कूटरवर आरोहीचं एक गाणं संपायच्या आत पोचता यावं. हर्षालीला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'आणि तुला काहीच आठवलं नाही तर?' हा पुढचा प्रश्न आलाच असता.

तिनं एवढंच विचारलं, "उठतं का अजिबात? आवाज कसा येतो? आणि उठल्यावर लगेच बसतं, की थोड्या वेळानं?"

"झाली बघ सुरू," दादा हर्षालीच्या सासूबाईंना, गोजराबाईंना, म्हणाले आणि समाधानानं चहा प्यायला बसले.

मशीन स्वतःच्या बळावर उठत नसलं, तर त्याला बाहेरून उठवायचं असतं. एका पेनड्राइव्हवर छोटीशी, आपली आपण चालणारी सिस्टीम घालायची. मशीनच्या आतल्या डिस्कला न विचारता तिच्यावर मशीन जागं करायचं, आणि मग डिस्क, मेमरी, पंखे, सगळं निवांत तपासायचं. हे हर्षालीनं गोजराबाईंना असं समजावलं : "आई, घरातली चूल पेटत नसली तर आपण शेजारून शेगडी आणतो ना? तिच्यावर चहा ठेवायचा, आणि मग बघायचं चुलीत काय अडकलंय."

"मंग आण की शेगडी."

शेगडी, म्हणजे पेनड्राइव्ह, घरात एकच होता, आणि तो गोजराबाईंच्या छोट्या स्पीकरला लावलेला होता. त्यात त्यांची भजनं होती. त्या स्पीकरवर पहाटेपासून भजनं लागत, त्या तालावर गोजराबाई झेंडू खुडत, आणि शेजारच्या वावरातल्या बायकाही त्याच तालावर खुडत. त्यामुळे तो पेनड्राइव्ह एका अर्थानं दोन वावरांची यंत्रसामग्री होता.

"भजनं पुसायची नायत," गोजराबाई म्हणाल्या.

"लॅपटॉपवर काढून ठेवते, आई. एकही जाणार नाही."

"आन मी संगं येणार. माझी भजनं जातील तिथं मी जाणार. पोरीलाबी मीच घेते."

सिस्टीम पेनड्राइव्हवर चढत होती तेवढ्यात शेजारच्या छायाताई विरजण मागायला आल्या आणि सल्ला देऊन बसल्या. "आमच्या दीपकचा मोबाईल भिजला होता, तर तांदळात ठेवला. एका दिवसात बरा."

"छायाताई, सर्व्हर आहे तो. कपाटाएवढा."

"मग तांदूळ जास्त लागतील," छायाताई विचार करून म्हणाल्या.

नवऱ्याला फोन लावावा असं हर्षालीला वाटलं. रविराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता. तिथं मोठमोठी धुडं रोज बंद पडतात आणि उठतात. तो म्हणाला, "आमच्याकडे कशालाही हात लावायच्या आधी परमिट घेतात. तू आधी परमिट घे."

"कुणाकडून?"

"ते आमच्याकडे ठरलेलं असतं," रविराज म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली.

परमिटाचं त्यानं थट्टेत म्हटलं असेल, पण संस्थेचे सेक्रेटरी हिरामणभाऊ थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. केबिनच्या दारात हात पसरून ते उभे होते. मागे शेडमध्ये फुलवाले आपापल्या क्रेटवर बसून, ट्रकमध्ये पहिलं कोण यावर घसा ताणत होते.

"वहिनी, तुमच्यावर इश्वास हाय," हिरामणभाऊ म्हणाले. "पण संस्थेच्या यंत्रात बाहेरची वस्तू घालायची म्हंजे ठराव पाहिजे."

"पेनड्राइव्ह आहे हो. बोटाएवढा."

"बोट घालायलाबी ठराव पाहिजे."

झालं. भिमाजीअण्णांना फोन गेला. हजर होते तेवढे संचालक क्रेटवरून उठून आले. 'संस्थेच्या सर्व्हरमध्ये सौ. हर्षाली यांचा पेनड्राइव्ह घालण्यास ही सभा मान्यता देत आहे', सूचक सावळीराम. अनुमोदक होण्यावरून दोघांची बाचाबाची झाली, कारण दोघांनाही व्हायचं होतं. हर्षाली हातात पेनड्राइव्ह धरून, मंगलाष्टकं संपायची वाट बघणाऱ्या नवरीसारखी उभी होती.

सर्व्हर सुरू केला की पहिल्या काही क्षणांत एक ठरावीक बटण दाबावं लागतं. मग तो पेनड्राइव्हवरून उठतो. ते बटण कोणतं, हे तिला एके काळी झोपेत ठाऊक होतं. आता जागेपणी आठवेना. तिनं एक दाबून पाहिलं, चुकलं. दुसरं दाबलं, ते बरोबर होतं पण क्षण हुकला. मग ती वरची सगळी बटणं ओळीनं वाजवत सुटली.

"वहिनी, पेटी वाजवताय का?" मागून कुणीतरी विचारलं आणि शेड खो खो हसलं.

तिचे कान तापले. अंबडला तिच्या मागे उभं राहून बोलायची कुणाची टाप नव्हती. इथं अख्खं शिवार मागे उभं होतं, आणि गोजराबाईंच्या कडेवरची आरोही "आई, मला पन, मला पन" करत हात पुढे घालत होती. त्यांनी तिला मागे ओढलं, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला, मग त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर खाली धावायला लागल्या.

उठलं! हर्षालीनं खुर्ची पुढे ओढली.

"उठलं!" हिरामणभाऊ ओरडले. "काकूंच्या भजनानं उठलं!"

"भाऊ, भजनं नाहीत त्यात. मी ती काढून ठेवलीत."

"काढली तरी वास ऱ्हातो," हिरामणभाऊ म्हणाले आणि त्यांनी चपला केबिनबाहेर काढल्या. त्यांच्यामागे सगळ्यांनीच काढल्या. गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. चार वर्षांचं कॉलेज आणि वर अंबडचा अनुभव एका फुंकरीत भजनांच्या खात्यावर जमा झालेला हर्षालीनं उघड्या डोळ्यांनी पाहिला. पण ओळी धावत होत्या. तिनं अपमान पुढच्या कामासाठी बाजूला ठेवला.

आधी तिनं आतली सगळी माहिती आपल्याबरोबर आणलेल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. आजारी माणसाशी बोलायच्या आधी त्याचं पोर उचलून घ्यावं, तसं. सर्व्हरची डिस्क ठणठणीत निघाली. मग ती तापमान बघायला वळली आणि आकडा बघून तिचा हात आपोआप सर्व्हरच्या बाजूला गेला. उलटा, बोटांची पाठ टेकवून.

"ताप आहे," ती म्हणाली.

"सांगत नव्हतो?" दादा सगळ्यांकडे वळून म्हणाले, आणि त्याच वेळी सर्व्हरनं मोठ्ठा सुस्कारा टाकला आणि तो बंद पडला.

आता झाकण काढायला हवं होतं.

"झाकणाचं ठरावात नाय," हिरामणभाऊ म्हणाले.

दुसरा ठराव झाला. पुन्हा सूचक दादाच. हर्षालीनं झाकणाचे स्क्रू काढले, झाकण ओढलं, आणि सगळे एकदम पुढे वाकले.

आत बाग होती.

पंख्याच्या पात्यांत केशरी झेंडू अडकला होता. जाळीवर पिवळ्या पाकळ्यांची जाड गोधडी बसली होती. खाली कोपऱ्यात शेवंती होती, जांभळा अॅस्टर होता, आणि एका ठिकाणी सुकलेल्या देठाला अजून दोरा होता.

दसऱ्याला यंत्राची पूजा सगळेच करतात. कारखान्यात करतात, रिक्षाची करतात, शिवणयंत्राची करतात. एक हार घालतात आणि जिलेबी खातात. पण ही फूल उत्पादकांची संस्था होती. इथं एक हार म्हणजे कुणाच्या वावरातला हार? चेअरमनचा घातला तर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? म्हणून प्रत्येकानं आपापल्या वावरातला हार आणला, आणि सर्व्हरला सगळे घातले. आणि पूजा झाल्यावर ते काढायचे कसे? ज्याचा पहिला काढावा त्याचा अपमान. मग हिरामणभाऊंनी सुवर्णमध्य काढला की कुणाचाच काढायचा नाही. हार तिथंच सुकले, सर्व्हर तसाच चालला, आणि त्याच्या पंख्यानं दिवसाकाठी थोडीथोडी करून अख्खी दसऱ्याची फुलं पोटात घेतली.

हर्षाली त्या दिवशी आली नव्हती. आरोहीला सर्दी होती.

"ही पाकळी आपली नाय," एकजण घाईघाईनं म्हणाला. "आपला झेंडू लाल हाय."

"मंग ही केशरी काय आकाशातनं पडली?"

"शेवंती कुणाची हाय ते बघा आधी! शेवंती लय खोल गेली!"

"आमची शेवंती कशाला खोल जाईल? तुमच्या झेंडूनं ढकलली आसंल!"

त्या गलक्यात हर्षालीनं टाचणी, ब्रश आणि हिरामणभाऊंच्या नातवाचा सायकलला हवा भरायचा पंप यांच्या मदतीनं पंखे मोकळे केले. सर्व्हर पुन्हा पेनड्राइव्हवर उठवला. या वेळी ताप उतरला. मग तिनं मेमरीची तपासणी लावली, आणि पडद्यावर थोड्याच वेळात लाल ओळी उमटायला लागल्या.

लाल ओळींचा अर्थ सांगायला लागत नाही.

"गेलं का?" दादांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली ऐट कुठंतरी गळून पडली होती.

हर्षालीनं सर्व्हर बंद केला, मेमरीची एक पट्टी अलगद उपटली, खिडकीजवळ नेली आणि उजेडात धरली. पट्टीच्या सोनेरी दातांवर लाल थर होता. गंज इतका सुंदर लाल नसतो. तिनं नखानं थोडा खरवडून नाकाशी नेला. कुंकू. त्यात किंचित नारळाचं पाणी. वरच्या जाळीतून शिंपडलेलं, आणि आत जाऊन घट्ट बसलेलं.

तिनं मान वर केली तर समोर गोजराबाई. आरोही त्यांच्या खांद्यावर झोपली होती. संस्थेच्या पूजेला हळदीकुंकू वाहायचा मान दर वर्षी त्यांचा. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, सुनेच्या बोटाकडे पाहिलं, आणि पदर पुन्हा नीट केला. सकाळी केला होता तसा मात्र नाही.

"काय सापडलं, वहिनी?" हिरामणभाऊ दारातून.

"धूळ," हर्षाली म्हणाली.

ऑफिसातला खोडरबर घेऊन तिनं सगळ्या पट्ट्यांचे दात हलक्या हातानं घासले, आरोहीचे घासते तसे, एकेक करून, पाठीमागूनही. खाचा पुसल्या. पट्ट्या बसवल्या. तपासणी पुन्हा लावली. ही तपासणी लांबलचक असते आणि तिची घाई करता येत नाही. जेवणाची वेळ आली, डबे तिथंच उघडले गेले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे सगळे केबिनबाहेर बसले. दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारी, "किती झालं?" आणि हर्षाली पडद्यावरची टक्केवारी सांगे. ज्यांचं तोंड सकाळपासून एकमेकांकडे नव्हतं, ते एकमेकांच्या डब्यातलं लोणचं घ्यायला लागले.

शेवटपर्यंत एकही लाल ओळ आली नाही. तिनं पेनड्राइव्ह काढला, श्वास धरला आणि सर्व्हर त्याच्या स्वतःच्या बळावर सुरू केला. पडदा उजळला. संस्थेचं कमळाचं चिन्ह आलं. शेडमधून दादरच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, आणि हर्षालीनं डोळ्यांत गेलेली फुलांची धूळ पदरानं पुसली. तिला धुळीचाच त्रास होता.

चार वाजता मीटिंग भरली. भिमाजीअण्णा खुर्चीत, एजन्सीवाला फोनच्या स्पीकरवर.

"कारण काय निघालं?" अण्णांनी विचारलं. "इतिवृत्तात लिहायला पाहिजे."

"धूळ होती," हर्षाली म्हणाली. "साफ केली."

"धुळीनं आज गेलं, उद्या परत जाणार," फोनमधून एजन्सीवाला म्हणाला. "जुनं मशीन आहे साहेब. नवीनच घ्या."

अण्णांची मान नवीन यंत्राच्या दिशेनं हलायला लागलेली हर्षालीनं पाहिली. खरं सांगावं तर सासूबाई अडचणीत, न सांगावं तर काम हातचं जाणार. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला.

"धूळ कशाला म्हणतीस गं?" दारातून आवाज आला. गोजराबाई उभ्या होत्या. "कुंकू व्हतं. माझं. म्या वाह्यलं, मूठ भरून वाह्यलं. यंत्र जुनं बिनं काय नाय."

हिरामणभाऊ खाकरले. "नारळाचं पाणी माझं. जरा जास्तच शिंपडलं."

"आन केशरी पाकळ्या आमच्या," सकाळचा लाल झेंडूवाला म्हणाला. "पंख्यातल्या."

"शेवंती आमची. सगळ्यात आत गेलेली."

सकाळी नाकारलेली फुलं आता एकेकजण छाती काढून ओळखायला लागला. मग फोन म्हणाला, "साहेब, आत कुंकू असेल तर आमच्या देखभालीत ते बसत नाही."

अण्णांनी फोन बंद केला. "बाहेरच्याला हे सांगावं तरी कसं दर वर्षी? घरचंच माणूस पाहिजे." मग ते हर्षालीकडे वळले आणि जरा अडखळले. "पोरी, तू हुशार हायस, वाद नाय. पण घरात लहान लेकरू. निम्मं लक्ष तिकडं. हिकडं लागंल का?"

या प्रश्नाचं उत्तर हर्षालीनं जेवताना मनातल्या मनात तयार केलं होतं. मुद्देसूद होतं, नम्र होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. मान तिरकी केली. मग एक शब्द न बोलता उठली आणि भराभर बाहेर निघून गेली.

सगळे बघत राहिले. दादांनी टोपी काढून मांडीवर घेतली. सुनेचा अपमान झाला आणि ती भर सभेतून गेली, हे आता शिवारभर होणार होतं.

हर्षाली केबिनमध्ये पोचली तेव्हा सर्व्हरवर एक ओलं उपरणं वाळत घातलेलं होतं. कुणीतरी जेवून हात धुतले होते आणि उबदार जागा बघून टाकलं होतं. जाळी पूर्ण झाकली होती आणि पंखा जीव तोडून फिरत होता. तिनं उपरणं ओढून काढलं, बोटांची पाठ टेकवली, आवाज खाली येईपर्यंत उभी राहिली. मग उपरणं घेऊन परत आली तर दारातच तिला आतून गोजराबाई ऐकू आल्या.

"लक्ष लागंल का इचारता? तुम्ही इतके जण बसलाय हितं. तो पंख्याचा आवाज चढला तो तुमच्यातल्या कुणाला आला? मला नाय आला, म्या दारातनं बघितलं तवा कळलं. तिला भिंतीपल्याडनं आला. घरात पोरगी कूस बदलती तरी ही उठून बसती. आम्हाला झोप नाय हिच्यापायी. आसं माणूस तुम्हाला कुठं मिळणार? लिहा, हिरामण. सूचक मी."

"बसा खाली," दादा हळूच म्हणाले. "सूचक मी होतो."

हिरामणभाऊंनी रजिस्टर उघडलं, एक पान मागं गेले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "दादा," ते अवघडून म्हणाले, "सात-बारा काकूंच्या नावावर हाय. सभासदबी काकूच हायत. तुम्ही नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्हाला सूचक होता येत नाय. आजवर कुणी बघितलंच नाय."

दादांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "मंग इतकी वर्षं मीटिंगीला येऊन मी हितं काय करत व्हतो?"

"च्या पीत व्हता," गोजराबाई म्हणाल्या, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.